कुलूपबंद घरे आणि १९७३ ची धास्ती

खेतवाडीच्या गल्ल्यांतून, दादरच्या हिंदू कॉलनीतून किंवा लालबागच्या नव्या उंच इमारतींच्या आवारातून संध्याकाळी फेरफटका मारावा आणि सहज वर पाहावे. ज्या खिडक्यांत दिवा लागत नाही, त्यांतील कित्येक घरांचे मालक सुखरूप असतात. ते फक्त येथे नसतात. हिऱ्यांच्या व्यापाराने आपल्या समाजातील कुटुंबे अँटवर्पला नेली, मोत्यांच्या व्यापाराने कोबेला, आणि त्याही आधी ओसवाल दुकानदारांनी नैरोबी व मोंबासाचा रस्ता धरला. पुढच्या पिढीने त्यात दुबई, सिंगापूर आणि न्यू जर्सीच्या नोकऱ्यांची भर घातली. माणसे गेली, घर मागे राहिले, आणि बहुधा कुलूप लावूनच राहिले.

कुलूप कशासाठी, असे विचारले तर वडीलधारी मंडळी एकच उत्तर देतात: भाडेकरू एकदा आत आला की निघत नाही. व्यापारी माणूस गोदामातला माल पडून राहू देत नाही, पेढीतली रक्कम बिनव्याजी ठेवत नाही; पण कोट्यवधी रुपयांचे घर वर्षानुवर्षे बंद ठेवतो आणि वर देखभालखर्च भरत राहतो. हे भित्रेपण म्हणून हसण्यावारी नेता येणार नाही. या भीतीला तारीख आहे: १ फेब्रुवारी १९७३.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत भाडेनियंत्रण आले, आणि १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने सप्टेंबर १९४० चे भाडे हेच प्रमाणभूत मानले. महागाई वाढत गेली; भाडे तेथेच थिजले. साहजिकच घरमालकांनी नव्याने भाडेकरू ठेवणे सोडले आणि पळवाट शोधली. ‘भाडेपट्टा’ हा शब्दच टाळायचा आणि ‘लीव्ह अँड लायसन्स’ या नावाने, म्हणजे जागेवर कोणताही हक्क न देता केवळ वापराची परवानगी म्हणून, घर द्यायचे. १८८२ च्या सुखाधिकार कायद्यात अशा परवान्याची व्याख्या होतीच. परवानाधारक हा भाडेकरू नव्हे, म्हणून भाडेनियंत्रणाचे संरक्षणही त्याला नाही, असा हा हिशेब होता.

राज्य शासनाने १९७३ मध्ये हा हिशेब उलटा केला. कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जो कोणी चालू परवान्यावर जागेत राहत होता, तो भाडेकरू मानला गेला. वर्षभरासाठी म्हणून घर दिले आणि ते पिढ्यांसाठी गेले, अशी उदाहरणे गिरगाव-दादर भागातील जुन्या मंडळींना तोंडपाठ असतात. परवान्यावर राहणाऱ्यांची बाजूही लक्षात घेतली पाहिजे. दर अकरा महिन्यांनी बिऱ्हाड पाठीवर घेण्याची टांगती तलवार त्यांच्यावर होती. पण घर देणाऱ्यांच्या मनावर त्या एका तारखेचा ठसा असा उमटला की तो अजून पुसला गेलेला नाही.

तो पुसण्याजोगा बदल कायद्यात मात्र झालेला आहे. १९४० च्या पातळीवर गोठवलेली भाडी काळाच्या ओघात अवाजवी ठरली आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या प्रकरणात म्हटले. त्यानंतर महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून तो लागू झाला. त्याच्या चोविसाव्या कलमानुसार राहण्यासाठी परवान्यावर दिलेल्या घराची मुदत संपली की परवानाधारकाने ताबा सोडलाच पाहिजे. न सोडल्यास मालकाने दिवाणी दाव्याच्या रांगेत उभे न राहता सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत परवानाधारकाने प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडण्याची परवानगी मागायची असते. ती मागितली नाही किंवा मिळाली नाही तर मालकाचे म्हणणे मान्य धरले जाते. शिवाय मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे खरे. तरीही १९७३ ची स्थिती आणि आजची स्थिती यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हे सारे संरक्षण एका गोष्टीवर उभे आहे: घर आपले असले पाहिजे. आणि नेमके येथेच गिरगाव, परळ, लालबाग या भागातील पुष्कळ कुटुंबे गाफील असतात. आपण ज्याला ‘आपले घर’ म्हणतो ते अनेकदा पागडीचे असते. आजोबांनी पागडी मोजून खोली घेतली, वडिलांच्या नावाने भाडेपावती चालू आहे, इमारतीचा मालक तिसराच आहे. कायद्याच्या भाषेत आपण तेथे भाडेकरू आहोत. नोकरीसाठी परदेशी निघालेल्या मुलाने अशी खोली ‘तीन वर्षांसाठी कोणाला तरी देऊन’ जायचे ठरवले, तर तो स्वतःच्या हाताने इमारतमालकाच्या हाती दाव्याचे कारण देतो. मालकाच्या संमतीवाचून जागा पोटभाड्याने किंवा परवान्यावर देणे हे १९९९ च्या कायद्याच्या सोळाव्या कलमानुसार निष्कासनाचे सरळ कारण आहे.

बरे, कोणाला दिली नाही आणि नुसते कुलूप लावले तर? त्याच कलमात आणखी एक कारण आहे. दाव्यापूर्वी सलग सहा महिने सबळ कारणाशिवाय जागा वापरली गेली नसेल, तरीही मालक ताबा मागू शकतो. परदेशातील नोकरी हे सबळ कारण ठरेल की नाही, हे त्या त्या प्रकरणातील वस्तुस्थितीवर अवलंबून राहते: करार किती काळाचा, परत येण्याचा इरादा दिसतो का, कुटुंबातील कोणी मागे राहत होते का, विजेचा वापर होता का. म्हणजे पागडीच्या खोलीच्या बाबतीत भाडेकरूही धोक्याचा आणि कुलूपही धोक्याचे. मालकीच्या घरासाठी जे शहाणपण सांगितले जाते ते येथे जसेच्या तसे लावल्यास घात होतो.

मग अशा कुटुंबाने करावे काय? आई-वडील किंवा आधीपासून एकत्र राहणारा भाऊ तेथे राहत असेल, तर प्रश्नाची धार पुष्कळ कमी होते. इमारतमालकाशी संबंध सलोख्याचे असतील तर त्याची लेखी संमती मागावी. तोंडी ‘हरकत नाही’ याला उद्या वारस बदलल्यावर किंमत राहत नाही. परत येण्याचा विचारच नसेल, तर मोबदला घेऊन भाडेहक्क हस्तांतरित करणे या कायद्याच्या छप्पन्नाव्या कलमाने वैध केले आहे. त्यात मालकाचा संमतीचा हिस्साही उघडपणे देता येतो. आणि पावती अजून वडिलांच्याच नावाने असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. भाडेकरूच्या मृत्यूनंतर भाडेहक्काचा पहिला मान त्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाचा असतो. असा कोणी नसेल तरच इतर वारसांचा विचार होतो. भाडेनियंत्रणाखालचा हक्क मृत्युपत्राने कोणालाही देता येत नाही, असेही सर्वोच्च न्यायालयाने म्हटलेले आहे. परदेशात बसून ‘बाबांनी मृत्युपत्रात खोली माझ्या नावे केली आहे’ असे मानणाऱ्या मुलांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

या भागातील उपकरप्राप्त इमारतींचा पुनर्विकास चालू असेल तर आणखी सावध राहावे. पात्र भाडेकरूंच्या यादीत नाव, संमतीपत्रावर सही, तात्पुरत्या निवासाचे भाडे कोणाच्या खात्यात, हे सगळे मालक नैरोबीत आणि खोलीला कुलूप अशा अवस्थेत हातचे निसटू शकते. पुनर्विकास पुरा होऊन मालकीची सदनिका मिळाली आणि सोसायटी स्थापन झाली, म्हणजे मग पुढील मजकूर लागू होतो.

घर मालकीचे असेल तर मुख्य काम करारनाम्याचे. ‘अकरा महिन्यांचा करार, नोटरी केला की झाले’ हा समज अजूनही बाजारात फिरतो. एक वर्षाहून कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला केंद्रीय नोंदणी कायद्याने नोंदणी सक्तीची केलेली नाही, त्यातून हा अकरा महिन्यांचा आकडा रुळला. परंतु महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याच्या पंचावन्नाव्या कलमाने प्रत्येक लीव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक केले, मग मुदत अकरा महिने असो वा अकरा दिवस. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिक्षेपेक्षाही मोठा तोटा वेगळाच आहे: नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर कोणत्या अटींवर जागा दिली याबाबत राहणाऱ्याचे म्हणणे खरे धरले जाते, ते खोटे ठरवण्याचा भार मालकावर पडतो. म्हणजे नोटरीच्या कागदावर विसंबणारा मालक पुन्हा १९७३ च्या दारात जाऊन उभा राहतो.

आणि हे वाचवायचे तरी किती रुपयांसाठी? समजा, दादरचे घर महिना ६०,००० रुपये आणि ३,००,००० रुपये परत करावयाची अनामत, असे दोन वर्षांसाठी दिले. एकूण शुल्क १४,४०,००० रुपये. अनामतीवर वर्षाला दहा टक्के धरून दोन वर्षांचे ६०,०००. बेरीज १५,००,०००, त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क म्हणजे ३,७५० रुपये. नोंदणी फी महापालिका क्षेत्रात १,००० रुपये. एकूण पावणेपाच हजार, आणि नोंदणी घरबसल्या ऑनलाइनही होते. जी रक्कम आपण एखाद्या स्नेहभोजनात सहज खर्च करतो, तीवर कोट्यवधींच्या घराची सुरक्षितता अवलंबून आहे.

येथे एका जुन्या खोडीबद्दल स्पष्ट लिहिणे भाग आहे. करारात भाडे कमी दाखवायचे आणि उरलेले रोख घ्यायचे. आपल्या श्रावकाचाराने या प्रकाराला नाव देऊन ठेवले आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा दस्तऐवज करणे, मोजली आहे. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत विरुद्धराज्यातिक्रम आहे. आणि अनामत परत करताना भिंतीवरच्या खिळ्यांचे निमित्त काढून पन्नास हजार कापणाऱ्यांनी त्याच सत्याणुव्रताखालील न्यासापहार हा शब्द पाहावा. ठेव म्हणून ठेवलेली रक्कम गिळणे, असा त्याचा अर्थ. प्रतिक्रमण नित्य करणाऱ्या घरांतही हे घडते, म्हणून येथे लिहिले. व्यावहारिक बाजूनेही हा तोट्याचाच सौदा आहे, कारण दुप्पट भरपाई मागण्याची वेळ आली तर ती कागदावर लिहिलेल्या कमी रकमेच्या दुप्पट मिळते.

मालक परदेशात असेल तर सही कोण करणार? त्यासाठी कुलमुखत्यारपत्र लागते. ते परदेशात भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्यावे किंवा त्या देशाच्या नियमाप्रमाणे नोटरी व अपोस्टिल करून पाठवावे. भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर येथील मुद्रांक शुल्क भरावे लागते; पुष्कळदा कागद कपाटात पडून ही मुदत उलटते. सर्वांत सोपे म्हणजे विमानात बसण्यापूर्वीच हे काम उरकावे. आणि मुखत्यारपत्र मर्यादित असावे: करार करणे, नोंदणीला हजर राहणे, भाडे वसूल करणे, ताब्यासाठी अर्ज करणे, एवढेच. विक्रीचा, गहाणाचा अधिकार त्यात घालू नये. काकांवर अविश्वास दाखवल्यासारखे होईल, असे वाटून लोक सर्वाधिकाराचा छापील मसुदा पुढे करतात. वास्तविक मर्यादित अधिकारपत्राने काकांचेच संरक्षण होते; उद्या भावंडांत कुरबूर झाली तर त्यांच्याकडे बोट दाखवायला जागा राहत नाही. मुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर ते सामान्यतः संपते, हेही दोन्ही पक्षांना ठाऊक असावे.

आता कराचा भाग, जेथे चांगली शिकलेली मंडळीही चकतात. नोकरीसाठी देश सोडून जाणारा माणूस त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी काळ भारतात राहिला, तर प्राप्तिकरासाठी तो अनिवासी ठरतो. अनिवासी मालकाला भाडे देणाऱ्याने प्रत्येक महिन्याला त्यातून कर कापून सरकारात भरायचा असतो. त्याला किमान मर्यादा नाही; रक्कम लहान असली तरी कपात करावीच लागते. दर ३० टक्के, अधिक उपकर मिळून सर्वसाधारणपणे ३१.२ टक्के. त्यासाठी राहणाऱ्याला टॅन क्रमांक घ्यावा लागतो आणि तिमाही विवरणपत्र भरावे लागते. निवासी मालकाला भाडे देताना जे सोपे नियम आहेत, ते येथे लागू नाहीत.

वरच्याच उदाहरणात ६०,००० रुपयांतून दरमहा १८,७२० रुपये कापले जातील आणि हाती ४१,२८० येतील. वर्षाची कपात २,२४,६४० रुपये. प्रत्यक्षात देणे किती? वार्षिक भाडे ७,२०,००० रुपये, त्यातून ३० टक्के प्रमाणित वजावट गेल्यावर ५,०४,००० उरतात. भारतात दुसरे उत्पन्न नसेल, तर आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत चार लाखांवरील १,०४,००० रुपयांवर पाच टक्के म्हणजे ५,२०० आणि उपकरासह ५,४०८ रुपये. महापालिकेचा मालमत्ता कर मालकाने भरला असेल तर याहूनही कमी. म्हणजे सव्वादोन लाख कापले जातात आणि देणे असते साडेपाच हजारांच्या आत. उरलेली रक्कम विवरणपत्र भरून परत मागावी लागते, ती मिळेपर्यंत भांडवल अडकते. यावर उपाय म्हणजे वर्षाच्या आरंभीच प्राप्तिकर खात्याकडून कमी दराने कपातीचे प्रमाणपत्र मिळवून ते राहणाऱ्याच्या हाती देणे. सनदी लेखापालाकडे हे काम मार्चमध्येच सोपवावे.

पुष्कळ ठिकाणी यावर एक तोडगा निघतो: भाडे आईच्या खात्यात घ्यायचे. घर मुलाच्या नावाचे असेल तर उत्पन्न मुलाचेच राहते, खाते कोणाचेही असो. आणि कर न कापल्याचा भुर्दंड बिचाऱ्या राहणाऱ्यावर येतो. भाडे मालकाच्या एनआरओ खात्यात यावे. देश सोडल्यावर साधे बचत खाते तसेच चालू ठेवणे परकीय चलनाच्या नियमांत बसत नाही, ते एनआरओ करून घ्यावे लागते. कर भरलेले भाडे या खात्यातून परदेशी नेता येते. राहत्या देशातही हे उत्पन्न दाखवावे लागेल का, हे तेथील सल्लागाराला विचारावे. अमेरिकेत राहणाऱ्यांना ते दाखवावेच लागते, मात्र येथे भरलेल्या कराची वजावट मागता येते.

सोसायटीचा विषय थोडक्यात. भाड्याने देण्यासाठी तिची परवानगी नव्हे, तर करारनाम्याच्या प्रतीसह सूचना द्यायची असते. बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. शासनाच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाने ही मर्यादा घातली आहे. सेवाशुल्क २,५०० असेल तर २५० रुपये. आई-वडील, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी असे निकटचे कुटुंबीय राहत असतील तर तेही नाही. पोलीस ठाण्याला राहणाऱ्याची माहिती ऑनलाइन देता येते. ती न दिल्यास गुन्हा मालकावर दाखल होतो आणि तो परदेशात असल्याने काही फरक पडत नाही.

घर कोणाला द्यावे, हा प्रश्न आपल्या समाजात शेवटी स्वयंपाकघरापाशी येऊन थांबतो. आपल्या घरात मांस शिजू नये, ही इच्छा प्रामाणिक आहे आणि ती करारात अट म्हणून स्वच्छ शब्दांत लिहिता येते. परंतु आडनाव ऐकताच फोन ठेवून देणे ही निराळी गोष्ट झाली. ज्या लालबाग-परळने आपल्या धान्याच्या आणि मसाल्याच्या दुकानांना गिऱ्हाईक दिले, त्या वस्तीतल्या माणसाला अट सांगून विचारण्याचे सौजन्य दाखवायला काय हरकत आहे? अट मान्य करून ती काटेकोरपणे पाळणारी अजैन कुटुंबे पुष्कळ आहेत. उलट ‘आपल्याच संघातले आहेत, कागद कशाला’ म्हणून दिलेली घरेच जास्त अडकतात. नात्यातल्या माणसाकडे करार मागणे अवघड जाते, मुदत संपल्यावर निघा म्हणणे त्याहून अवघड, आणि सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करणे तर अशक्यच. नातेवाइकाला घर द्यायचे असेल तर भाडे हवे तेवढे कमी घ्या, पण करार नोंदवूनच द्या.

घरदेरासर असलेल्या कुटुंबांना एक तयारी आधीच करावी लागते. प्रतिष्ठित प्रतिमेची नित्यपूजा खंडित होऊ देता येत नाही आणि ती परक्याच्या हवालीही करता येत नाही. घर देण्याची तारीख ठरवण्यापूर्वीच महाराजसाहेबांचा सल्ला घेऊन प्रतिमा संघाच्या देरासरात किंवा भावाच्या घरी विधिपूर्वक नेण्याची व्यवस्था व्हावी. चातुर्मास जवळ आला असेल तर त्याचे भान ठेवून. दागिने, वह्या, जुने दस्तऐवज ‘एका खोलीला कुलूप लावून’ आत ठेवण्याची पद्धत टाळावी. बंद खोली वगळली आहे असे करारात लिहिले नसेल तर तेवढ्यावरूनही वाद होतो, आणि मुंबईच्या चार पावसाळ्यांत आतल्या कागदांना वाळवी लागली तर सांगायलाही कोणी नसते. ताबा देण्याच्या दिवशी प्रत्येक खोलीची छायाचित्रे काढावीत, वस्तूंची यादी करून दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि बेस्टच्या व गॅसच्या मीटरवरील आकडे त्याच कागदावर उतरवून एक प्रत मुखत्यारापाशी ठेवावी.